एकटं बसण्याची अट

"हीच का तुझी प्रोफेसर?" परीक्षा केंद्राच्या सरांनी विचारलं. सगळे हसले.

भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर माझ्या जावेचा चेहरा होता. थांबवून ठेवलेला. तोंड उघडं, डोळे विस्फारलेले, पदर खांद्यावरून घसरलेला, हातात काठी. तिच्या कोपराखाली माझा अर्धा चेहरा. परीक्षेच्या वेळी मोबाइलच्या कॅमेऱ्याने टिपलेलं ते चित्र सरांनी मुद्दाम मोठं करून लावलं होतं. खोलीत कॉम्प्युटरवर बसणारी मॅडम होती. फॉर्म भरायला आलेले दोन विद्यार्थी होते. चहा घेऊन आलेल्या माणसालाही सरांनी थांबवलं. म्हणाले, "बघ बघ, आमची ऑनलाइन कॉपी बघून जा."

मी उभी होते. तीन खुर्च्या रिकाम्या होत्या. बस असं कुणी म्हटलं नाही आणि न सांगता बसायची माझ्यात हिंमत नव्हती. वर पंखा गरगरत होता तरी ब्लाउज पाठीला चिकटला होता. चंद्रपूरचा मे महिना, पण तो घाम उन्हाचा नव्हता.

"बाई, खरं सांग. दीड तासात कितीतरी वेळा तू स्क्रीनवरून नजर काढलीस. कुठे बघत होतीस?"

मी खरं सांगितलं. "जंगलाकडे, सर. तिथे वाघ येतो."

मग जे हसले ते मला अजून ऐकू येतं. सर हसता हसता खुर्चीत मागे रेलले.

"आजी वारली, गाडी पंक्चर झाली, लाइट गेली, सगळं ऐकलंय मी. वाघ पहिल्यांदाच आला."

त्यांनी माझा परीक्षेचा फॉर्म ओढून घेतला. नाव वाचलं. आडनावापाशी बोट थांबलं. सरांचा आवाज एकदम समजावणीचा झाला, आणि मला त्या समजावणीचीच जास्त भीती वाटली.

"तुम्हा लोकांना घरबसल्या डिग्री मिळते आता. फीत सवलत, वयात सवलत. तेवढं तरी इमानदारीने करा ना."

मला एकटीला दटावताना 'तू'. टोचायचं असलं की 'तुम्ही लोक'. हे व्याकरण आम्हाला लहानपणापासून पाठ आहे. त्याची परीक्षा कुणी घेत नाही.

मी सिंदेवाही तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. चाळिशी उलटली आहे. बारावीनंतर लग्न झालं, शिक्षण तिथेच थांबलं. सोळा वर्षं अंगणवाडी चालवते. आमच्यावर एक पर्यवेक्षिका असते. ती येते, रजिस्टर बघते, पोरांचं वजन बघते आणि ओरडते. सोळा वर्षांत चार पर्यवेक्षिका झाल्या. एकीला मूल उचलून घ्यायची किळस यायची. मला वाटायचं, हे काम मी हिच्यापेक्षा चांगलं करीन. पण त्या परीक्षेला बसायला पदवी लागते आणि वयाची अट असते. माझं वय त्या अटीत याच वर्षापर्यंत बसत होतं. शेवटच्या सत्राचा निकाल हातात आला तरच फॉर्म भरता येणार होता. नाही तर कायमचं राहिलं.

म्हणून मोबाइलवर बी.ए. सुरू केलं. तीन वर्षं. तालुक्याला मीटिंगला गेलं की प्रोफेसर लोकांची भाषणं मोबाइलमध्ये उतरवून आणायची आणि आठवडाभर ऐकायची. खिचडी शिजताना समाजशास्त्र. पोरं झोपली की इतिहास. नवरा म्हणायचा, "तू आता घरात बी लेक्चर देऊन राह्यली." चिडवायचा, पण पेपरच्या आधी भांडी तोच घासायचा.

शिकणं जमलं. परीक्षेनेच घाबरवलं.

परीक्षेची अट अशी होती. परीक्षार्थीने बंद खोलीत एकटं बसावं. दुसरं माणूस दिसता कामा नये. दुसरा आवाज येता कामा नये. नजर स्क्रीनवर असावी. नजर हटली की इशारा, आवाज आला की इशारा. तोही इंग्रजीत, लाल अक्षरांत. आधीच्या सत्रांना मी चंद्रपूरजवळ ऊर्जानगरला बहिणीकडे जायची. तिची भाड्याची खोली होती. दार लावलं, पंखा लावला, झालं. मग भाऊजींचं ठेक्यावरचं काम सुटलं आणि बहीण बिऱ्हाड घेऊन निघून गेली. शेवटच्या सत्राला ती खोली उरली नाही.

आमच्या गावात बंद खोल्या भरपूर आहेत. त्यात रेंज येत नाही. रेंज येते ती तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, तीही दक्षिणेच्या टोकाला, मोहाच्या झाडाखाली. पाळीच्या पलीकडून जंगल सुरू होतं. उन्हाळ्यात आजूबाजूची सगळी पाणवठ्याची डबकी आटतात आणि जनावरं त्याच तलावावर पाण्याला येतात. म्हणजे गावात जिथे मोबाइल लागतो, तिथेच वाघही लागतो.

कांता माझी मदतनीस होती. अंगणवाडीत आम्ही दोघी. मी शिकवायची, ती शिजवायची आणि पोरांची नाकं पुसायची. दोन वर्षांपूर्वी ती पहाटे मोहफुलं वेचायला गेली. एकटीच गेली. वाकून वेचत होती. वनरक्षक नंतर सांगत होता, वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही. तिची टोपली अर्धी भरलेली सापडली. तिला आणलं तेव्हा मी तोंडावरून कापड सरकवलं नाही. त्या दिवशी मी अंगणवाडीत पोरांना काय सांगितलं ते मला आठवत नाही. कांताच्या हातची खिचडी मागत एक पोरगी संध्याकाळपर्यंत रडत होती एवढं आठवतं.

त्यानंतर आमच्याकडे कुणी जंगलाकडेला एकटं बसत नाही. मोह वेचायला असो, तेंदूपत्त्याला असो की शौचाला, एक जण बसतो आणि दुसरा काठी घेऊन उभा राहतो. उभा असलेला थोड्या थोड्या वेळाने हाक देतो. "हाय का?" बसलेल्याने लगेच म्हणायचं, "हाओ." उत्तर आलं नाही की हातातलं टाकून धावायचं. हे कुणी ठरवून लिहून काढलेलं नाही, पण गावातली पाच वर्षांची पोरंही ते मोडत नाहीत.

पेपरच्या आदल्या दिवशी मी माझी थोरली जाऊ पंचफुलाबाई हिला म्हटलं, "बाई, उद्या पाळीवर चालता का माह्यासंगं? पण हाक नोका देऊ. मोबाइल आयकते."

ती मग म्हणाली, "मोबाइलले आयकाले येते, आन वाघाले नाई येत? हाक त देईनच मी. पाह्यजे तं दुरून देतो."

"दूर" म्हणजे पंधरा-वीस पावलं. मी मान्य केलं. दुसरा उपाय नव्हता.

सकाळी आठचा पेपर. विषय ग्रामीण विकास. चटई टाकली, पाठीमागे मोहाचं खोड, मांडीवर पाटी आणि पाटीवर मोबाइल टेकवलेला. समोर माझाच चेहरा एका चौकोनात. कोपऱ्यात हिरवा ठिपका. ठिपका म्हणजे कॅमेरा चालू. पुढे कॅमेरा, मागे जंगल. मागे वळून बघितलं तर कॅमेरा रागावणार आणि नाही बघितलं तर काय होईल ते मला माहीत होतं.

पाच प्रश्न झाले. पाठीमागे पाचोळा वाजला. मी वळले. काही नव्हतं, रानकोंबडी होती. स्क्रीनवर लाल अक्षरं. परत वाचायला घेतलं. प्रश्नाचा अर्थच लागेना. तोच प्रश्न चारदा वाचला. घाम डोळ्यांत गेला.

"हाय का वो?" पंचफुलाबाईची हाक.

तोंडातून आपसूक गेलं, "हाओ."

लाल अक्षरं. या वेळी मोठी. आणखी इशारे झाले तर परीक्षा बंद होईल, असं काहीतरी त्यात होतं. मला सगळं इंग्रजी कळलं नाही, भीती मात्र पूर्ण कळली. तीन वर्षं डोळ्यांपुढून गेली. ठरवलं, पुढच्या हाकेला गप्प बसायचं.

पुढची हाक आली. मी ओठ दाबून धरले. पुन्हा आली, जोरात. मी गप्प. मग एक आवाज आला तो हाकेचा नव्हता, किंकाळीच होती. पाळीवरून धावणारे पाय ऐकू आले. दुसऱ्या क्षणाला पंचफुलाबाई माझ्या डोक्यावर होती, काठी उगारलेली, तोंड उघडं. साठीला आलेली बाई ती. गुडघे दुखतात म्हणून रोज तेल लावते. वाघाच्या अंगावर जायच्या तयारीने ती धावत आली होती. कॅमेऱ्याने टिपला तो तोच क्षण.

मला धडधाकट बघून ती मटकन खाली बसली आणि छातीवर हात ठेवून रडायला लागली. "काऊन नाई बोलली वो तू? काऊन नाई बोलली?"

मी हाताने खूण केली, जा, जा. ती डोळे पुसत परत जागेवर गेली आणि हाक दिली. त्यानंतर मी प्रत्येक हाकेला उत्तर दिलं. लाल अक्षरं येत राहिली. का कोण जाणे, परीक्षा बंद पडली नाही. पन्नास प्रश्न सोडवले आणि पेपर पाठवला. पाळ उतरताना पंचफुलाबाईने माझा दंड धरला होता.

महिनाअखेर सगळ्यांचे निकाल लागले. माझ्या नावापुढे 'राखीव', म्हणजे रोखून ठेवलेला. आणि मेसेज आला, केंद्रावर हजर व्हा.

म्हणून मी त्या खोलीत उभी होते.

सरांनी एक छापील कागद पुढे सरकवला. "सही कर. चार दिवसांत निकाल सोडतो. एक ताकीद लागेल, बस."

मी वाचलं. 'मी दुसऱ्या व्यक्तीच्या मदतीने उत्तरे लिहिली. मला माझी चूक मान्य आहे. यापुढे असे करणार नाही.'

"आणि नाही केली तर, सर?"

"तर चौकशी समिती. सहा महिने, वर्ष. मग बसा वाघ बघत."

पर्यवेक्षिकेच्या फॉर्मची शेवटची तारीख बारा दिवसांवर होती. मी मनातल्या मनात दिवस मोजले. सांगायला लाज वाटते, पण खरं सांगायला बसले आहे तर सांगते. मी पेन उचललं. मला घरी जायचं होतं. त्या टीव्हीसमोरून, त्या हसण्यातून बाहेर पडायचं होतं. सहीचं पहिलं अक्षर मी काढलंसुद्धा.

"हां. शहाणी आहेस," सर म्हणाले. "आणि खाली त्या बाईचं नाव लिही. मदत करणाऱ्या व्यक्तीचं नाव, हा रकाना आहे बघ. घाबरू नको, पोलिसात देत नाही तिला."

पेन थांबलं.

पंचफुलाबाईचं नाव आजवर रेशनकार्डावर लिहिलं गेलं आणि मतदार यादीत लिहिलं गेलं. ती कधी शाळेत गेली नाही. तिच्या काळी तिच्या गावात आमच्या मोहल्ल्यातल्या पोरींना मास्तर ओसरीवर बसवायचे, म्हणून तिच्या बापाने तिला पाठवलंच नाही. आता कॉलेजच्या कागदावर तिचं नाव पहिल्यांदा चढणार होतं. तेही कॉपी पुरवणारी म्हणून. आणि ते चढवणार होते मी, माझ्या चांगल्या अक्षरात.

मी टीव्हीकडे बघितलं. इतका वेळ मीही तो चेहरा त्यांच्याच डोळ्यांनी बघत होते. मलाही त्याची लाज वाटली होती. हे मला सगळ्यात जास्त लागलं. माझा जीव वाचवायला धावलेल्या बाईच्या तोंडाची मला लाज वाटली, कारण चार शिकलेली माणसं त्याला हसत होती.

"सर, आवाज चालू करा," मी म्हणाले.

"काय?"

"चित्र दाखवलं तुम्ही. आवाज बंद ठेवला. चालू करा."

माझा आवाज चिरकत होता.  सरांनी भुवया वर केल्या. कॉम्प्युटरवरच्या मॅडमने त्यांच्याकडे न बघता माऊस हलवला.

खोलीत आमची पाळ ऐकू आली. वारा. होला घुमत होता. मग पंचफुलाबाई, "हाय का वो?" मग मी, "हाओ." थोड्या वेळाने परत तेच. परत तेच. दोघांपैकी एक विद्यार्थी फिसकन हसला आणि मग नाही हसला.

"झालं? हा तुमचा कोडवर्ड," सर म्हणाले.

"चार पर्यायांपैकी कोणता, सर? प्रत्येक वेळी एकच शब्द आहे. माझी पन्नास उत्तरं काढा आणि जुळवून बघा."

"वाद घालू नको. दुसरं माणूस नको, दुसरा आवाज नको. दोन्ही नियम मोडलेस की नाही?"

"मोडले. नियम मोडला असं लिहा, मी आत्ता सही करते. कॉपी केली असं लिहून देणार नाही."

"एकच आहे ते."

"एक नाही, सर. आमच्याकडे एकटं बसलेलं माणूस मरतं. माझी मदतनीस मेली. तुमचा नियम करणाऱ्याला हे माहीत नसेल. आता तुम्हाला माहीत झालं."

मला वाटलं ते ओरडतील. ते ओरडले नाहीत. त्यांनी टीव्ही बंद केला आणि फक्त म्हणाले, "डिग्री नको आहे तर तुला." शांतपणे. मला घाम फुटला. कारण डिग्री मला हवी होती. त्या खोलीतल्या कुणालाच हवी नव्हती तेवढी हवी होती.

मी माझं अर्धवट अक्षर खोडलं. दिसणार नाही असं गिरवून खोडलं. रिकामी खुर्ची ओढली आणि बसले.  मॅडमकडे कोरा कागद मागितला. लिहिलं: 'परीक्षेच्या वेळी माझ्या जावेने मला हाक दिली व मी उत्तर दिले. मी तिला प्रश्नाचे उत्तर विचारले नाही. मी जिवंत आहे एवढेच तिला सांगितले. कृपया पूर्ण आवाज ऐकून निर्णय द्यावा.' खाली सही केली, पूर्ण नाव, आडनावासकट, सुटं सुटं.

"हे मी घेणार नाही," सर म्हणाले.

"मग नाही घेत असं लिहून द्या."

ते दोनदा उठून बाहेर गेले. मी बसून राहिले.  शेवटची बस चुकेल, नवरा काळजी करेल, हे लोक माझी तीन वर्षं पुसून टाकतील, अंगणवाडीत तक्रार करतील, असं काय काय मनात येत होतं. तरी उठले नाही. कार्यालय बंद व्हायच्या वेळेला कागदावर आवकचा शिक्का बसला. माझ्या हातात पोच आली. सर म्हणाले, "पस्तावशील."

घरी आले. पंचफुलाबाई अंगणात वाट बघत होती. मी तिला सगळं सांगितलं.

"मले सोताचं नाव लिहाले येत नाई," ती म्हणाली. "आन मी तुले उत्तरं सांगतली म्हणते? हुशार मानूस दिसते तो."

आम्ही दोघी हसलो. मग ती जवळ सरकली. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "करून टाकाची होती वो सही. लिहून द्याचं होतं माह्यं नाव. माह्या नावाले कोन इचारते?"

"मी इचारतो," मी म्हणाले. 

फॉर्मची तारीख गेली. त्या दिवशी मी अंगणवाडीत पोरांची वजनं घेत होते. मोबाइलवर तारीख बघितली आणि पुढचं पोरगं काट्यावर उभं केलं. आता मी पर्यवेक्षिका होणार नाही. वय गेलं. हे वाक्य लिहायला मला पाच दिवस लागले. समजूत घालणाऱ्यांनी खूप समजूत घातली, "सेविका काय वाईट हाय?" वाईट काहीच नाही. पण जे माझं होतं ते गेलं आणि ते मला हसणाऱ्या माणसामुळे गेलं. यावर मला कुणाची समजूत नको आहे.

परवा समितीचं पत्र आलं, माझ्या निकालावर आता 'कॉपी' असा शेरा मारल्याचं. नागपूरला बोलावलं आहे. मोठं टेबल असेल, पलीकडे चार-पाच जण असतील. ते इंग्रजीत विचारतील. कदाचित पुन्हा टीव्ही लावतील. पत्र वाचल्यापासून मला नीट जेवण जात नाही. माझी भीती गेलेली नाही आणि जाईल असं मला वाटत नाही.

तरी जाणार आहे. पंचफुलाबाईला सोबत नेणार आहे आणि तिला बाहेरच्या बाकावर बसवू देणार नाही. ती बोलेल ती तिच्या बोलीत बोलेल आणि त्यांना ऐकावं लागेल. माझ्या निकालावरचा 'कॉपी' हा शेरा काढा, एवढंच मी मागणार आहे. दया मागणार नाही. सूट मागणार नाही. शेरा काढला नाही तर कोर्टात जाईन. तीनही वर्षं रद्द केली तर पुन्हा पहिल्या वर्षाला नाव घालीन. तेव्हा मला कोणतंच पद मिळणार नसेल आणि बढतीचा कोणताच फॉर्म भरायचा नसेल. तरी घालीन. थरथरत घालीन. पण मी चोर आहे असं एक अक्षरही माझ्या हाताने आता कुणाला लिहून मिळणार नाही.